वर्ल्ड क्लासवर ५-०, लेजंडरीवर ०-३ : करिअर मोडमध्ये रेटिंग आणि काठिण्यपातळी यांचा मेळ कसा बसवावा

फिफा किंवा ईए स्पोर्ट्स एफसी या फुटबॉलच्या व्हिडिओ गेममधील करिअर मोडमध्ये, म्हणजे एक संघ घेऊन मोसमामागून मोसम खेळण्याच्या प्रकारात, काही आठवडे घालवलेल्या जवळपास प्रत्येकाची एक तक्रार असते आणि मोसम बदलला, गेमची आवृत्ती बदलली, तरी ती पुन्हा तशीच समोर येते. वर्ल्ड क्लास या काठिण्यपातळीवर सामना मध्यंतरापूर्वीच निकालात निघतो, चार-पाच गोल सहज होतात आणि प्रतिस्पर्धी संघ मैदानावर केवळ हजेरी लावायला उतरल्यासारखा वाटतो. म्हणून एक पायरी वर, लेजंडरीवर जावे, तर गुणतक्त्यात तळाला असलेला संघ एका स्पर्शात पास देत, त्रिकोण रचत आपल्याला चेंडूला शिवूही देत नाही. मधली पायरी शोधायला जावे तर ती यादीत नाहीच. मग आपण स्लायडर, म्हणजे खेळाचे वागणे कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्ट्या, उघडतो, एका बैठकीत सात-आठ आकडे हलवतो आणि तिसऱ्या सामन्यानंतर नेमके कशामुळे काय बिघडले हे आपल्यालाही सांगता येत नाही.

हे लिखाण फिफा २२ पासून ईए स्पोर्ट्स एफसी २५ पर्यंतच्या आवृत्त्या डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. उदाहरणे एफसी गोवा संघाची आहेत, कारण फिफा २२ मध्ये इंडियन सुपर लीगचा समावेश झाल्यापासून माझी बहुतेक करिअर्स फातोर्ड्याच्या संघापासूनच सुरू होतात. शिवाय ही लीग आपला प्रश्न भिंगाखाली धरल्यासारखा मोठा करून दाखवते. येथील बहुतेक खेळाडूंचे रेटिंग, म्हणजे गेमने दिलेला कौशल्याचा आकडा, पन्नाशी-साठीच्या घरात असते. त्यामुळे असा एखादा खेळाडू जेव्हा नव्वदीतल्या मिडफिल्डरसारखा खेळू लागतो, तेव्हा विसंगती लगेच डोळ्यांत भरते. ८४ रेटिंगच्या खेळाडूने तोच पास दिला असता तर आपण मान डोलावून पुढे गेलो असतो.

तक्रार कोणत्या थरातली आहे?

निवारणाची सुरुवात स्लायडरपासून न करता या प्रश्नापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. मैदानावर जे दिसते ते तीन वेगवेगळ्या थरांतून येते आणि एका थरातले दुखणे दुसऱ्या थरात औषध घालून बरे होत नाही.

रेटिंग म्हणजे त्या खेळाडूच्या अंगात काय आहे. काठिण्यपातळी म्हणजे संगणकाच्या डोक्यात काय आहे : तो किती लवकर निर्णय घेतो, मोकळा साथीदार त्याला किती चटकन दिसतो, आपण दबाव टाकल्यावर तो किती गडबडतो. बिगिनर, अमॅच्युअर, सेमी-प्रो, प्रोफेशनल, वर्ल्ड क्लास, लेजंडरी आणि अल्टिमेट अशा सात पायऱ्यांपैकी कोणतीही निवडली, तरी संघयादीत दिसणारे रेटिंग एका अंकानेही हलत नाही. आणि स्लायडर म्हणजे एका बाजूच्या अकराही जणांच्या पायांखालची जमीन. ती जमीन कडक करा किंवा भुसभुशीत करा, तिचा परिणाम सगळ्यांवर एकदम होतो. एकट्या सेंटर बॅकसाठी, म्हणजे मधल्या बचावपटूसाठी, वेगळी जमीन मिळत नाही.

लेजंडरीवर तळाचा संघ बार्सिलोनासारखा का खेळतो, याचे उत्तर येथेच आहे. पातळी वाढवल्यावर ५८ रेटिंगच्या खेळाडूला ८८ रेटिंगच्या खेळाडूचे डोके मिळते. पाय मात्र ५८चेच राहतात. हे पाय त्या डोक्याच्या आड आले पाहिजेत; चांगला पास दिसावा, पण तो नेमका देता येऊ नये. असे होत नसेल, तर पातळी चुकीची आहे असे मानून लगेच खाली उतरू नये. बहुधा चुका होण्याचे प्रमाण कमी पडत असते, आणि ते पातळीच्या हातात नसून स्लायडरच्या हातात असते.

आधी मोजणी, मग दुरुस्ती

दहा सामने काहीही न बदलता खेळावेत आणि प्रत्येक सामन्यानंतर दिसणाऱ्या आकडेवारीतून पाच गोष्टी वहीत उतरवाव्यात : दोन्ही बाजूंचे गोल, एकूण फटके, लक्ष्यावरचे फटके, पासची टक्केवारी आणि ताबा. हे काम कंटाळवाणे आहे, हे मान्य. परंतु आपली स्मरणशक्ती या बाबतीत अत्यंत पक्षपाती असते. नव्वदाव्या मिनिटाला खाल्लेला बरोबरीचा गोल महिनाभर आठवतो आणि आपण मारलेला तसाच गोल दुसऱ्या दिवशी विसरला जातो.

या संदर्भात एक विषयांतर. गेम मागे पडलेल्या बाजूला गुपचूप मदत करतो, हा संशय जुना आहे. या विषयावर अमेरिकेत २०२० साली ईए या गेमच्या कंपनीवर दावाही दाखल झाला होता. आपल्या अल्टिमेट टीम मोडमध्ये अशी काठिण्यपातळी बदलणारी यंत्रणा वापरली जात नाही, ही कंपनीची भूमिका होती आणि २०२१ मध्ये दावा करणाऱ्यांनी तो मागे घेतला. करिअर मोडपुरते बोलायचे, तर ज्यांना शंका आहे त्यांनी शेवटच्या दहा मिनिटांतले दोन्ही बाजूंचे गोल वेगळ्या रकान्यात लिहावेत. माझ्या वहीत त्या रकान्याने मला तोंडघशी पाडले. शेवटच्या दहा मिनिटांत मी खाल्ल्यापेक्षा मारलेले गोल जास्त निघाले.

मोजलेले आकडे कशाशी ताडून पाहायचे, तर खऱ्या फुटबॉलशी. २०२२च्या कतार विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे सामन्यामागे सुमारे २.७. प्रीमियर लीगच्या २०२३-२४च्या मोसमात ३८० सामन्यांत १,२४६ गोल झाले, सरासरी ३.२८ येते आणि ३८ फेऱ्यांच्या काळातला तो विक्रम आहे. तेव्हा दोन्ही बाजू मिळून अडीच ते सव्वातीन हा पट्टा वाजवी समजावा. एका संघाचे फटके साधारण दहा ते चौदा, आणि त्यांतला सुमारे दहावा भाग गोलात जाणारा. पासची एकूण संख्या मात्र ताडून पाहू नये, कारण सहा-सहा मिनिटांचे दोन अर्ध मिळून होणाऱ्या बारा मिनिटांच्या खेळात ती खऱ्या सामन्याच्या जवळपासही जाणार नाही. टक्केवारी तेवढी पाहावी.

करिअर मोडमध्ये आणखी एक फुकटची मोजपट्टी मिळते आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. लीगमधले इतर सामने संगणक परस्पर निकाली काढतो. त्या निकालांत संघांचे रेटिंग कामी येते, आपले स्लायडर नव्हे. त्यामुळे गुणतक्त्यात इतर संघांचे गोल सामन्यामागे सव्वा-दीड दिसत असतील आणि आपल्या संघापुढे एकट्याचे साडेतीन-चार असतील, तर रेटिंगच्या जगात आणि आपल्या हातातल्या खेळात किती अंतर पडले आहे ते तिथेच कळते.

मोजणीपूर्वी अर्धाची लांबी मात्र ठरवून टाकावी. सहा मिनिटांच्या अर्धात जर सामन्यामागे २.७ गोल होत असतील आणि आपण हौसेने दहा मिनिटांचा अर्ध केला, तर बारा मिनिटांचा खेळ वीस मिनिटांचा होतो आणि त्याच वेगाने गोल साडेचारवर जातात. एकही स्लायडर न हलवता खेळ सोपा झाल्याचा भास होतो. लांब अर्ध ज्यांना आवडतो त्यांनी जरूर ठेवावा, पण मोसमाच्या मध्यात बदलू नये.

गोल कुठून येतात ते पाहा

वही भरल्यावर पाच-शून्यच्या विजयांचे दोन प्रकार दिसतात आणि बहुतेकांची चूक येथे होते, माझीही झाली. गोल जास्त होतात म्हणून मी माझ्या बाजूचा शॉट एरर, म्हणजे फटका चुकण्याचे प्रमाण ठरवणारा स्लायडर, ५० वरून थेट ७० वर नेला. पुढच्या सामन्यात माझा स्ट्रायकर सहा यार्डांवरून चेंडू प्रेक्षकांत मारू लागला, आणि तरीही मी ४-० ने जिंकलो. कारण फटके होते तेवीस.

आठ फटक्यांत पाच गोल होत असतील, तर गोल करणे सोपे झाले आहे. तेव्हा आपला शॉट एरर थोडा वाढवावा किंवा संगणकाच्या गोलरक्षकाची क्षमता दोन-तीन अंकांनी वर न्यावी. परंतु तेवीस फटक्यांत पाच गोल होत असतील, तर फटका मारणे सोपे नसून तिथपर्यंत पोहोचणे सोपे झाले आहे, आणि त्यावर शॉट एररचा काहीही उपयोग नाही. दुखणे बचावाच्या रचनेत आहे. वेगळ्या शब्दांत सांगायचे, तर पहिला प्रकार पेटीच्या, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकटीच्या, आतला आहे आणि दुसरा पेटीच्या बाहेरचा.

गोलरक्षकाच्या स्लायडरबद्दल एक सावधगिरी. तो भरपूर वाढवला की गोल कमी होतात खरे, पण त्याचबरोबर प्रत्येक सामना अशक्य झेपांचे प्रदर्शन होऊन बसतो, आणि हाताला लागून उडालेल्या चेंडूवरचे गोल वाढतात ते वेगळेच. मी ५० पासून तीन अंकांपेक्षा दूर जात नाही.

लेजंडरीवरचा तळाचा संघ

आता मूळ तक्रारीकडे. लेजंडरीवर खेळलेल्या एका मोसमातला एक प्रसंग अजून स्पष्ट आठवतो. गुणतक्त्यात शेवटून दुसरा असलेला संघ, त्याचा डावा सेंटर बॅक, पाठीवर माझा स्ट्रायकर. त्याने उंचावरून आलेला चेंडू छातीवरही न घेता एका स्पर्शात वळवला आणि थेट विरुद्ध टोकाच्या विंगरच्या पावलावर ठेवला. पन्नास मीटर, तिरका, जमिनीपासून जेमतेम डोक्याएवढ्या उंचीवरून. सामन्यात त्याने असे सहा पास दिले. नंतर संघयादीत त्याला शोधले, तेव्हा त्याचे लाँग पासिंग ४९ निघाले.

या खेळाडूला ९०च्या खेळाडूचे डोके दिले होते ते पातळीने. ते मला हवेच होते. त्यानेच मोकळा विंगर पाहिला. प्रश्न एवढाच होता की ४९चा पाय त्या डोक्याची आज्ञा हूबेहूब पाळत होता. येथे दोन स्लायडर उपयोगी पडतात : संगणकाच्या बाजूचा पास एरर (पास चुकण्याचे प्रमाण) आणि फर्स्ट टच कंट्रोल एरर (चेंडू पहिल्या स्पर्शात निसटण्याचे प्रमाण). दोन्ही ५० वर असतात. आकडा वाढवला की चूक वाढते.

चूक वाढवल्याने सगळेच खेळाडू सारखेच अडाणी होतील, ही भीती स्वाभाविक आहे, पण अनुभव उलटा आहे. पासची चूक म्हणजे नेमक्या जागेभोवतीचे एक वर्तुळ समजावे. चांगल्या पासरचे वर्तुळ मुळात लहान, कच्च्याचे मोठे. चुकीचे प्रमाण फार कमी ठेवले की दोन्ही वर्तुळे आकसून ठिपक्याएवढी होतात आणि ४९ व ८५ यांच्यातला फरक डोळ्यांना दिसेनासा होतो. प्रमाण वाढवले की दोन्ही वर्तुळे फुगतात; चांगल्याचे थोडे, कच्च्याचे भरपूर. रेटिंगमधला फरक श्वास घेतो तो या चुकांमध्ये. म्हणूनच, सगळे खेळाडू सारखेच वाटतात अशी तक्रार असेल, तर चुकीचे स्लायडर वर न्यावेत, खाली नव्हे. आश्चर्य म्हणजे हीच तक्रार असलेले बरेच जण खेळ अचूक व्हावा म्हणून आधी नेमके उलट करतात.

एका वेळी एकच स्लायडर, चार अंकांनी, आणि त्यानंतर किमान पाच सामने. हा नियम मी मोडत नाही. पास एरर ५४ वर नेल्यावर काहीच जाणवले नाही. ५८ वर तो सेंटर बॅक तेच तिरके पास देत होता, पण सहापैकी दोन विंगरच्या मागे पडू लागले. ६२ वर त्याने तसा पास देण्यापूर्वी चेंडू एकदा थांबवला, आणि माझ्या स्ट्रायकरला तेवढी सवड पुरली. तो सामना २-१ असा संपला आणि हरलो मीच, पण वहीत समास सोडून मी बरोबरची खूण केली, कारण त्यांचा दुसरा गोल त्यांच्या सर्वांत चांगल्या मिडफिल्डरने केला होता. ज्याने करायला हवा त्याने.

६५ च्या पुढे जाऊ नये. तिथून पुढे संगणकाचे खेळाडू कोणी जवळ नसतानाही चेंडू बाहेर घालवू लागतात, आणि असा विजय वर्ल्ड क्लासवरच्या पाच-शून्यपेक्षाही बेचव लागतो.

याच टप्प्यावर आणखी एक खात्री करून घ्यावी. फिफा २१ पासून लेजंडरी आणि अल्टिमेट या पातळ्यांसाठी कॉम्पिटिटर मोड नावाची सोय आहे. ती चालू असली की संगणक स्पर्धात्मक खेळाडूंच्या शैलीत, कौशल्याच्या चाली वापरत खेळतो. तळाच्या संघाचा फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, कोपऱ्याच्या झेंड्याजवळ नाचू लागला, तर स्लायडरला दोष देण्यापूर्वी ही सोय बंद आहे ना ते पाहावे. निम्म्या तक्रारी येथेच मिटतील असा माझा अंदाज आहे.

एकूण रेटिंग फसवते

पेटीच्या बाहेरचे दुखणे, म्हणजे तेवीस फटके सहज मिळणे, हे वर्ल्ड क्लासवर अधिक दिसते आणि त्याचे मूळ बहुतांशी रेटिंगच्या बांधणीत आहे.

खेळाडूच्या कार्डावरचा एकूण रेटिंगचा आकडा ही सर्व गुणांची साधी सरासरी नसते. प्रत्येक जागेसाठी प्रत्येक गुणाला वेगळे वजन असते, आणि खेळणाऱ्यांनी उकलून काढलेली ही वजने आता बऱ्यापैकी परिचित आहेत. स्ट्रायकरच्या आकड्यात फिनिशिंगचा (गोल साधण्याच्या कौशल्याचा) वाटा सुमारे १८ टक्के, तर स्प्रिंट स्पीड (धावण्याचा वेग) आणि ॲक्सिलरेशन (वेग पकडण्याची क्षमता) मिळून सुमारे ९ टक्के. सेंटर बॅकच्या बाबतीत स्टँडिंग टॅकल (उभ्याने चेंडू हिसकावणे) सुमारे १७ टक्के, आणि स्प्रिंट स्पीड अवघा दोनच्या आसपास. याचा अर्थ काय होतो तो पाहावा. एखाद्या सेंटर बॅकचा स्प्रिंट स्पीड ४५ वरून ६५ वर नेला, तर त्याचे एकूण रेटिंग अर्ध्या अंकानेही वाढत नाही. पण मैदानावर तो दुसराच खेळाडू होतो.

म्हणजे ६६ एकूण रेटिंगचा सेंटर बॅक आणि ६६ एकूण रेटिंगचा विंगर हे कागदावर तुल्यबळ असले, तरी पहिल्याचा वेग ४५ आणि दुसऱ्याचा ९० असू शकतो. आणि त्यांच्यात मोकळी जागा पडली की सामना तिथेच संपतो. माझे बहुतेक पाच-शून्य असेच होते. मिडफिल्डमधून बचावफळीच्या मागे सोडलेला एक थ्रू पास, वेगवान स्ट्रायकर, मागे धावणारे दोन दमलेले सेंटर बॅक. ही एकच चाल मी एका सामन्यात अकरा वेळा वापरल्याचे वहीत लिहिले आहे, आणि ते लिहिताना थोडी लाजही वाटली होती.

येथे मोह होतो तो स्प्रिंट स्पीडचा स्लायडर खाली ओढण्याचा. तो टाळावा. हा स्लायडर आपल्या बाजूच्या अकराही जणांना मंद करतो. स्ट्रायकर आणि सेंटर बॅक यांच्यातली दरी किंचित बुजते, पण आपले फुलबॅक चिखलातून धावल्यासारखे दिसू लागतात आणि संगणकाचा विंगर विनाकारण मोकाट सुटतो. योग्य उपाय संगणकाच्या लाइन हाइट या स्लायडरमध्ये आहे. तो पाच ते आठ अंकांनी खाली नेला की संगणकाची बचावफळी मागे सरकते, पाठीमागची मोकळी जागा आटते आणि तीच अकरा वेळा चालणारी चाल तीन वेळा चालते. सोबत मार्किंग, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला जवळून राखण्याचे प्रमाण, तीन-चार अंकांनी वाढवावे. यापेक्षा जास्त वाढवल्यास बचावपटू आपल्या खेळाडूंना गोंद लावल्यासारखे चिकटतात आणि मिडफिल्ड रिकामे पडते.

ज्यांना मुळावरच घाव घालायचा आहे, त्यांनी रेटिंग बदलावे. पण ते करिअर सुरू करण्यापूर्वी. खेळाडू संपादनातून केलेले बदल संघांच्या फाइलमध्ये जपून ठेवावेत आणि नवे करिअर उघडताना तीच फाइल निवडावी. एकदा करिअर सुरू झाले की ते त्या फाइलकडे पुन्हा वळून पाहत नाही, आणि मोसमाच्या मध्यात केलेले संपादन करिअरमध्ये का दिसत नाही या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. संपादन करताना एकूण आकड्याचा विचार सोडावा. लीगमधल्या अत्यंत मंद सेंटर बॅकांचा वेग तेवढा आठ-दहा अंकांनी उचलावा. कार्डावर दिसणारा पेस हा आकडा ५५ टक्के स्प्रिंट स्पीड आणि ४५ टक्के ॲक्सिलरेशन यांपासून बनतो. त्यांपैकी मी स्प्रिंट स्पीडच वाढवतो, म्हणजे पहिल्या दोन पावलांत विंगर त्याला चकवू शकतो, पण चाळीस मीटरच्या शर्यतीत एकटा सुटत नाही. प्रत्येक खेळाडूला हात लावत बसू नये. दोनशे खेळाडू बदललेल्या लीगमध्ये काही बिघडले, तर शोधायचे कुठे?

आपला हात

एवढे सगळे बसवल्यावरही एक तक्रार उरली होती : माझ्या खेळाडूंचा पहिला स्पर्श फार जड, चेंडू प्रत्येक वेळी दोन मीटर पुढे पळतो. मी माझ्या बाजूचा फर्स्ट टच एरर ५० वरून ४० वर आणला, मग ३५ वर. फरक नाही. दिवाळीच्या सुट्टीत आलेला भाचा शेजारी बसून पाहत होता. त्याने तिसऱ्याच मिनिटाला सांगितले, "मामा, तू आर-टू सोडतच नाहीस. पळत पळत चेंडू घेतलास तर तो पुढे जाणारच."

आर-टू म्हणजे धावण्याचे बटण. पास पायावर येईपर्यंत ते सोडले आणि चेंडू आल्यावर पुन्हा दाबले, की स्पर्श मऊ होतो. स्लायडर ५० वर असतानाही. मी चार वर्षे ते बटण दाबूनच ठेवत होतो. दुरुस्ती करताना आपल्या बाजूचे स्लायडर शेवटी हाताळावेत, असे म्हणतात ते याचसाठी : त्यांतल्या अर्ध्या तक्रारी आपल्या सवयींच्या असतात. त्या संध्याकाळी आम्ही एकच सामना दोघांनी खेळून पाहिला; तोच संघ, तेच आकडे. मी २-२, तो ३-०.

दुसऱ्या मोसमात पुन्हा तेच

जमलेला मेळ दुसऱ्या मोसमात विस्कटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, अशी निराशा अनेकांना येते. त्याचे कारण स्लायडरमध्ये नसते. पहिल्या मोसमात बक्षिसाचे पैसे येतात, आपण ७३-७४ रेटिंगचे चार-पाच परदेशी खेळाडू आणतो, आपल्या तरुणांचे रेटिंग वाढते. आणि उरलेली लीग साठीच्या घरातच राहते. तेरा-चौदा अंकांची ही दरी भरून काढण्यासाठी पुन्हा शॉट एररकडे वळणे म्हणजे ताप मोजायचा सोडून थर्मामीटर दुरुस्त करत बसणे आहे.

यावर मी गेमबाहेरचा एक नियम स्वतःला लावला आहे. २०२१-२२च्या मोसमापासून इंडियन सुपर लीगमध्ये एका वेळी मैदानावर चारच परदेशी खेळाडू ठेवता येऊ लागले. तोच नियम मी माझ्या संघाला लावतो. त्यामुळे उरलेल्या सात जागांवर देशी खेळाडूच येतात आणि संघाचे सरासरी रेटिंग आपोआप लीगच्या आवाक्यात राहते. दुसऱ्या एखाद्या लीगमध्ये खेळणाऱ्यांनी आपापली मर्यादा शोधावी. माझ्या अनुभवात पहिल्या अकरांची सरासरी लीगमधल्या दुसऱ्या क्रमांकाच्या संघापेक्षा तीन अंकांहून पुढे गेली, की कोणताही स्लायडर सामना वाचवू शकत नाही.

पातळी बदलायचीच असेल, तर दोन मोसमांच्या मधल्या सुट्टीत बदलावी. तिसऱ्या पराभवानंतर रागाने खाली आणलेली पातळी पुढच्या विजयानंतर वर नेली जाते, आणि मग वहीतली एकही ओळ दुसरीशी ताडून पाहता येत नाही.

सध्या माझे आकडे असे आहेत : लेजंडरी, कॉम्पिटिटर मोड बंद, सहा मिनिटांचा अर्ध. संगणकाच्या बाजूला पास एरर ६२, फर्स्ट टच एरर ५८, लाइन हाइट ४४, मार्किंग ५३, गोलरक्षक ५१. माझ्या बाजूला शॉट एरर ५४ आणि बाकी सर्व ५०. हे जसेच्या तसे उतरवून घेण्याऐवजी सुरुवातीचा अंदाज म्हणून वापरावेत. भाच्याने याच आकड्यांवर मुंबई सिटीचा संघ घेऊन पहिले सहा सामने जिंकले आणि सातव्यापूर्वी पातळी अल्टिमेटवर नेली. त्याचा पास एरर आता ५५ आहे, आणि वही त्याने वेगळी घातली आहे.